स्क्रीनवरचे दिवे प्रिंटमध्ये विझले: डिजिटल चित्र करणाऱ्यांनी अनुभव सांगा

पंचगंगाकाठी

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, सध्या पुण्यात बीएफए करतेय, उपयोजित कला, दुसरं वर्ष. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही दिलेल्या, म्हणजे पोस्टर कलर, स्थिरचित्र, त्या पडद्याच्या चुण्या आणि पितळी तांब्या, सगळं हाताखालून गेलंय. पण अकरावीत मामाने पेन टॅब्लेट घेऊन दिला (साधा, बिनस्क्रीनचा) आणि तेव्हापासून माझं बहुतेक काम क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्येच असतं. मला ते मनापासून आवडतं हे आधीच सांगते, कारण खाली जे लिहिलंय ते वाचून कुणाला वाटेल ही डिजिटलला वैतागली, तसं अजिबात नाही.

तर मागच्या वर्षी मी त्रिपुरी पौर्णिमेचं चित्र केलं. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लावतात, अजून उजाडलेलं नसतं, पाणी काळंनिळं, थंडी मरणाची, आणि पायऱ्यापायऱ्यांवर दिवेच दिवे. आजीचा हात धरून लहानपणापासून जातेय त्यामुळे चित्र डोक्यात तयारच होतं. तीन आठवडे बसले. रात्री काम करायचे, रूममेट झोपलेली असायची म्हणून लाईट बंद आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल्ल. प्रत्येक पणतीला आधी पिवळा ठिपका, त्यावर मऊ ब्रशने नारिंगी, आणि सगळ्यात वर कलर डॉजचा (खालचा रंग एकदम उजळवणारा) लेअर, की दिवा एकदम पेटतो. पाण्याला असा निळा दिलेला की बघत राहावं. मैत्रिणींना मोबाईलवर पाठवलं तर सगळ्या म्हणाल्या लई भारी, मलाही वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा डोक्यातलं जसंच्या तसं उतरलं.

मग वार्षिक प्रदर्शनासाठी ए३ प्रिंट काढली. दुकानातून गुंडाळी घेऊन आले, हॉस्टेलवर उघडली आणि पोटात गोळाच आला. निळा गेला जांभळट, पिकलेल्या जांभळासारखा. दिवे म्हणजे कागदावर हळद सांडल्यासारखे. पायऱ्यांच्या सावलीत मी जो धूर काढलेला, त्यावर दोन रात्री घालवलेल्या, तो सगळा काळ्यात बुडाला. दुसऱ्या दिवशी लावायचंच होतं म्हणून लावलं. एका सरांनी बघितलं आणि म्हणाले, डिजिटल आहे ना, मग असंच होणार, हाताने केलं असतंस तर ही वेळ आली नसती. चार दिवस प्रदर्शन होतं, मी माझ्या चित्रासमोर उभी राहिले नाही.

आता खरी गोष्ट. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांबरोबर म्हैसूरला गेले होते. तिथं जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आहे, आपण जिला दिव्याची बाई म्हणतो ती. हे चित्र मी कॅलेंडरवर, फ्रेमच्या दुकानात, मोबाईलच्या वॉलपेपरवर हजार वेळा बघितलंय आणि खरं सांगायचं तर कधी थांबून बघितलं नव्हतं. तिथं ते अंधारलेल्या जागी लावलंय. आत गेले आणि हललेच नाही. बाबा दोनदा येऊन बोलावून गेले.

ते जलरंगात आहे. मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर उभं राहणं वेगळं. म्हणजे त्या अख्ख्या चित्रात उजेड म्हणून जे काही आहे तो नुसता कागद आहे! ज्योतीपुढे तिने हात आडवा धरलाय, बोटांच्या कडांतून लालसर उजेड येतोय, हनुवटीवर खालून पडलाय, साडीच्या काठावर जरासा आणि मग लांब जाईल तसा अंधारात जिरत गेलाय. मी ज्यासाठी कलर डॉजचे चार लेअर लावले ते त्यांनी कागद न रंगवता सोडून दिलाय, आणि बाकीचं सगळं हळूहळू गडद करत नेलंय.

परत येताना एस्टीत डोक्यात एकच चाललेलं. माझा दिवा पेटलेला कारण मागे लॅपटॉपचा दिवा होता. चित्रात उजेड नव्हताच, यंत्रात होता.

तर मला विचारायचंय, तुमच्यापैकी जे डिजिटल करतात आणि छापतात ते काय करतात? आणि असं कुणाला झालंय का की एखादं मूळ चित्र बघितल्यावर आपल्या कामाकडे बघायची नजरच बदलली?

---

छापखाना

ताई, तीस वर्षं ऑफसेट आणि आता डिजिटल प्रिंटिंग, रोज तुमच्यासारखी दोन मुलं तरी रडवेल्या तोंडाने येतात आणि दोष आमच्या मशीनला देतात. तुम्ही दिला नाहीत, बरं वाटलं वाचून.

साधं आहे. स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून रंग करते, सगळे मिसळले की पांढरा. आम्ही निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी शाई कागदावर टाकतो, जितकी टाकू तितका कागद झाकला जातो, सगळी टाकली की काळा. कागद स्वतः जितका पांढरा त्याच्यापेक्षा उजळ आम्हाला काहीच देता येत नाही, देवाने सांगितलं तरी. तुमच्या स्क्रीनवरचा तो विजेसारखा निळा तर शाईच्या आवाक्यातच नाही, मग मशीन त्यातल्या त्यात जवळचा रंग शोधतं आणि तो जांभळ्याकडे जातो. त्यावर एक धरून चाला, निळा हवा असेल तर किरमिजी निळसरपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवा. निळसर शंभर असेल तर किरमिजी सत्तरच्या वर नको, नाहीतर जांभूळ झालंच म्हणून समजा.

दुसरं, अंधाऱ्या खोलीत फुल्ल ब्राइटनेसवर काम करणं बंद करा. नव्वद टक्के 'प्रिंट काळी आली' तक्रारी तिथूनच येतात. ट्यूबलाईट लावा, स्क्रीनशेजारी एक कोरा कागद धरा, आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाएवढाच दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. फिकं वाटेल, दोन दिवसांत सवय होते.

क्रितामध्ये सॉफ्ट प्रूफिंग आहे, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय, ते चालू करून बघत जा. आणि मोठी प्रिंट काढायच्या आधी चित्राच्या अवघड भागाची चार बोटं रुंद पट्टी काढून घ्या. आमच्याकडे कुणी पट्टी मागितली की मला कळतं, हा माणूस कामाचा आहे.

---

ड्रॉइंगमास्तर

बाळ, मी साताऱ्याकडे शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त. तुझं लिहिणं दोनदा वाचलं.

हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जन्म १८८२, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. हे चित्र १९४५-४६ चं. आणि कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात, मी स्वतः शिक्षकांच्या खोलीत यावरून वाद घातलेत. रविवर्मा १९०६ मध्येच गेले. तू कोल्हापूरची म्हणून सांगतो, त्या चित्रासाठी उभ्या राहिल्या त्या हळदणकरांच्या कन्या गीताताई, लग्नानंतरच्या उपळेकर. त्या तुझ्याच गावात राहायच्या, २०१८ साली गेल्या, वय १०२.

आता कामाचं. जलरंगात पांढरा नंतर लावता येत नाही, म्हणजे येतो, पण तो मेलेला दिसतो. म्हणून उजेड कुठे ठेवायचा हे कागदाला पहिलं पाणी लागायच्या आधी ठरवावं लागतं. तुझ्या यंत्रात उलटं आहे, आधी अंधार करायचा आणि शेवटी वर उजेड शिंपडायचा. मी पोरांना एक करायला लावायचो ते तू कर. एकच दिवा, एक वाटी, रात्र. फक्त एक रंग घे, सेपिया किंवा पेन्स ग्रे, आणि हातकागदाचा चतकोर. पेन्सिलीने फक्त उजेडाची हद्द आख. त्या हद्दीच्या आत ब्रश न्यायचा नाही. असे दहा चतकोर कर. अकरावा तू टॅब्लेटवर कर आणि मग इथे येऊन सांग.

आणि ते सर जे म्हणाले त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. हाताने केलेली चित्रंसुद्धा छापल्यावर मरतात, माझ्या एका विद्यार्थ्याचं जलरंगातलं मुखपृष्ठ दिवाळी अंकात शेवाळी होऊन आलेलं.

---

वायरफ्रेम

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. बंगळुरूला मोशन डिझाईनमध्ये (स्क्रीनवरची हलती चित्रं) आहे, सात वर्षं झाली, माझं एकही काम कागदावर नाही. मला हे कळत नाही की डिजिटल चित्राने कागदाची परीक्षा का द्यायची? ते उजेडाचंच चित्र आहे, उजेड हेच त्याचं माध्यम. तैलचित्र कुणी पाण्यात भिजवून बघत नाही. तू म्हणतेस उजेड चित्रात नव्हता यंत्रात होता, पण मग सिनेमात उजेड कुठे असतो? प्रदर्शनात एक स्क्रीन मागितली असतीस, अंधाऱ्या कोपऱ्यात लावली असतीस, तर तुझे दिवे पेटलेलेच राहिले असते. कॉलेजांनी आता हे दिलं पाहिजे, तो मुद्दा खरं तर जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

---

पंचगंगाकाठी

छापखाना काका, खूप खूप धन्यवाद, तुम्ही जे तीस टक्क्यांचं सांगितलं ते मी जाऊन फाईलमध्ये बघितलं, माझ्या पाण्यात दोन्ही जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे जांभूळ होणारच होतं.

मास्तर, तुमचे दहा चतकोर आजपासून चालू करते. आणि गीताताईंचं वाचून अंगावर काटा आला. त्या माझ्याच गावात होत्या आणि मला पत्ताच नाही.

वायरफ्रेम दादा, राग कशाचा, तुमचं बरोबरच आहे आणि स्क्रीनची मागणी मी यावर्षी लेखी करणार आहे. पण माझी अडचण वेगळी आहे. स्क्रीनवर बघताना माझं चित्र नेमकं केवढं आहे तेच मला माहीत नसतं हो. चारशे टक्के झूम करून एका पणतीवर अर्धा तास घालवला, आणि ती पणती प्रिंटमध्ये साबुदाण्याएवढी. मैत्रिणींनी मोबाईलवर बघितली तेव्हा ती मोहरीएवढी असणार. मग तो अर्धा तास मी कुणासाठी घालवला? म्हैसूरला उभी होते तेव्हा ती बाई माझ्यासमोर एका ठरलेल्या मापाची होती, मी पुढे गेले तर बोटं दिसायची, मागे गेले तर फक्त उजेड. ते मागेपुढे होणं मला माझ्या चित्रात हवंय. ते स्क्रीनवरही करता येत असेल, मला अजून येत नाही.

---

कुडाळकर

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मी चित्रकार वगैरे नाही, बँकेत आहे. आमच्या कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुम्हाला अभ्यासात असेलच. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात सगळीकडे आलं होतं, त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय केलंय. तर त्यांच्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. एक चित्रकथी, म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रं, कथा सांगताना एकेक पान पुढे धरायचं, उजेड समोरून पडतो. आणि दुसऱ्या चामड्याच्या बाहुल्या, त्या पातळ चामड्यावर रंगवलेल्या आणि कोरलेल्या असतात, पडदा लावून मागे दिवा ठेवतात आणि आपण बसतो पुढे.

हे वायरफ्रेम आणि पंचगंगाकाठी यांचं जे चाललंय ना, ते त्या एका घरात दोन्ही बाजूला आहे. आणि बघा, बाहुल्यांना भोकं पाडलेली असतात, दागिने, डोळे, कपड्यावरची नक्षी, सगळी कोरून, कारण उजेड मागून येणार हे करणाऱ्याला पहिल्यापासून माहीत आहे. कागदावरच्या चित्रात तेच दागिने रंगाने येतात. मी दहा-बारा वर्षांचा असताना पडद्याच्या मागे जाऊन बसलेलो, तिथून बाहुली कशी दिसते ते बघायला, आणि चामड्याचा आणि तेलाचा जो वास होता तो अजून आठवतो.

ताई, सुट्टीत कोकणात याल तर नक्की जा.

---

वायरफ्रेम

कुडाळकर, हे मला माहीत नव्हतं. भोकांचा मुद्दा एकदम पटला. मी माझं मागे घेत नाही पण पंचगंगाकाठीला काय म्हणायचंय ते आता नीट कळलं.

---

चिऊचीआई

मध्येच विचारते, माझा मुलगा दहावीत आहे, मोबाईलवर आयबिस पेंटमध्ये बोटाने चित्रं काढतो आणि चांगली काढतो असं सगळे म्हणतात. त्याला आता स्क्रीनवालाच टॅब्लेट हवाय, किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. पुढे कलेकडेच जायचं म्हणतोय. घ्यावा का? आणि कागदावरचं सुटतंय त्याची मला जास्त काळजी वाटते.

---

पंचगंगाकाठी

काकू, स्क्रीनवाला आत्ता नका घेऊ. साधा बिनस्क्रीनचा घ्या, पहिले पंधरा दिवस हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे म्हणून चिडेल, मग बसतं. क्रिता फुकट आहे. राहिलेल्या पैशातून त्याला चांगला कागद आणून द्या आणि एकदा मुंबईला घेऊन जा. जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट बघता येतं, जवळच कावसजी जहांगीर हॉलमध्ये एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्याला चित्रकार गायतोंडे यांची चित्रं दाखवायला मिळाली तर बघा, रोलर आणि पॅलेट नाईफने थरावर थर दिलेत आणि फोटोत त्यातलं काहीच येत नाही. इंटरमिजिएट दिली असेल त्याने, नसेल तर द्यायला लावा, आणि बारावीनंतर कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी सीईटी असते, तिथं हातानेच काढायचं असतं म्हणून कागद सोडू देऊ नका.

---

ड्रॉइंगमास्तर

बोटाने काढतो याचं कौतुक करा ताई, रागावू नका. बोटसुद्धा हातच आहे.

पंचगंगाकाठी, तुझ्या निळ्यावरून एक आठवलं ते सांगून ठेवतो. आम्ही दर दोन-तीन वर्षांनी पोरांना अजिंठ्याला न्यायचो. तिथले बाकीचे रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी, चुना, सगळं मातीतलं आणि चुलीतलं. निळा मात्र लाजवर्दाचा, तो दगड अफगाणिस्तानाकडून यायचा. म्हणजे निळा तेव्हाही सहज मिळत नव्हता, मोजूनमापून लावलेला दिसतो. तुला तो रंगाच्या चाकावर एका टिचकीत मिळाला, म्हणून अख्ख्या नदीभर ओतलास. एकदा तो दुर्मिळ आहे असं समजून लावून बघ.

आणखी एक. त्याच लेण्यांत १८७२ पासून जे. जे. चे विद्यार्थी, तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर हंगामामागून हंगाम जाऊन नकला करत बसायचे, जवळजवळ तेरा वर्षं. अपुऱ्या उजेडात, एकेक आकृती. त्या लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. त्याच्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या नकलासुद्धा १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेलेल्या. मला नेहमी त्या पोरांचं वाटतं, ग्रिफिथ्सचं नाव राहिलं, त्यांच्यातल्या पेस्तनजी बोमनजींसारख्या एखाद्याचं राहिलं, बाकीचे कोण होते? पण नक्कल करताना त्यांनी जे बघितलं असेल ते दुसऱ्या कुणी बघितलं नसेल. तू म्हैसूरच्या चित्राची नक्कल कर. कुणाला दाखवायला नाही, स्वतःसाठी.

---

पंचगंगाकाठी

दीड महिन्याने येतेय, परीक्षा होत्या. काय काय झालं ते सांगते.

मास्तर, दहा म्हणालात, अठरा चतकोर केले. पहिल्या सहांमध्ये दरवेळी ब्रश उजेडाच्या हद्दीत गेलाच, हात आपोआप जातो, आणि डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर कंट्रोल-झेड (केलेलं मागे घ्यायची बटणं) दाबायला जायची, खरंच सांगते. सातव्याला थांबला. अकराव्यापासून मला कळायला लागलं की ज्योतीच्या लगेच शेजारी सगळ्यात काळं नसतं, तिथं एक मधला ऊबदार टप्पा असतो आणि काळं त्याच्याही पलीकडे. मी घाटाच्या चित्रात दिव्याला चिकटूनच निळा लावलेला. नक्कलही केली, फक्त हात आणि ज्योत, ती वहीत ठेवलीय.

मग घाटाचं चित्र नवीन फाईलमध्ये सुरुवातीपासून केलं. आधी ए३ ठरवलं आणि तेवढाच कागद भिंतीला चिकटवून ठेवला, म्हणजे माप डोळ्यासमोर. झूम शंभर टक्क्यांच्या वर न्यायचं नाही असं ठरवलं. पांढरा कुठेच घेतला नाही, जो कागद वापरणार होते त्याचा पिवळसरपणा तळाला भरला आणि दिव्यांच्या जागा तशाच उघड्या ठेवल्या, लांबच्या पायरीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, जवळ शेंगदाण्याएवढ्या. कलर डॉज एकदाही नाही. पाणी बहुतेक काजळीचं आणि तपकिरी, निळा फक्त आभाळाखालच्या एका पट्ट्यात जिथं उजाडायला लागलंय. छापखाना काका, पट्ट्या तीन काढल्या. पहिलीत सावल्या बुडाल्या, दुसरीत निळा अजून जांभळ्याकडे, तिसरी जमली. धूर दिसतो! थोडाच, पण दिसतो.

प्रिंट घेऊन घरी गेले. आजीला आता कमी दिसतं, तिने खिडकीशी नेऊन बघितलं आणि म्हणाली, हे पाणी गार दिसतंय गं. मग संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी लाईट गेली तर तिने ते देवघरात समईपुढे धरलं. समईच्या पिवळ्या उजेडात निळा पट्टा पार काळा झाला आणि दिवे तेवढे राहिले. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो, लाईट आली तरी आजीने बटण बंद करायला लावलं.

तिला ते देवघराशेजारच्या भिंतीवर हवंय. काका, एक विचारते, काच लावायची का? समोरच ट्यूबलाईट आहे, काचेत चमकेल. आणि समईची काजळी पण येते तिथं.

---

छापखाना

काजळी येत असेल तर काच पाहिजेच, नाहीतर दोन वर्षांत काळवंडेल. न चमकणारी काच मिळते, थोडी महाग पडते, तीच घ्या. पण कागद काचेला टेकू देऊ नका, पावसाळ्यात शाई चिकटते, मधे माउंट बोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) खिडकी कापून घ्या, काठ निदान दीड इंच रुंद, रंग पांढराशुभ्र नको, कागदासारखाच पिवळसर. आणि ती तिसरी पट्टी फेकू नका, मागे तारीख आणि कागदाचं नाव लिहून फाईलला लावून ठेवा.